साडेपाच किलोचं बोट

आमच्या घरात रिव्हॉल्व्हर एक आहे. त्याच्या मुठी सात आहेत, आणि ते ठेवायची चामड्याची नि कापडाची पाकिटं, ज्यांना होल्स्टर म्हणायचं, ती अकरा. माझ्या लग्नात मी पाच साड्या घेतल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "एवढ्या नेसणार कधी?" त्यांच्याच चिरंजीवांनी हे रुखवत मांडलंय, आणि ते त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवायची मला फार इच्छा होते. पण संसारात काही हत्यारं राखून ठेवावी लागतात.

आम्ही टेक्सासमध्ये, ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी नावाच्या गावात राहतो. इथे अंगणातलं गवत चार बोटं वाढलं की वसाहतीच्या कमिटीचं पत्र येतं. कचऱ्याचा डबा जरा जास्त वेळ रस्त्याकडेला राहिला की दुसरं पत्र येतं. रिव्हॉल्व्हर घेतलं तर कुणाचंच पत्र येत नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून तर एकवीस वर्षांवरच्या, कायद्यानं मनाई नसलेल्या माणसाला ते परवान्यावाचून जवळ बाळगताही येतं.

श्रीकांतनं ते का घेतलं, याची चार कारणं आहेत. साताऱ्याला आईला त्यानं सांगितलं, अंगणात साप निघतात. ऑफिसात सांगितलं, रात्री उशिरा गाडी चालवत यावं लागतं. मुलाला सांगितलं, आतलं यंत्र बघण्यासारखं असतं. मला सांगितलं, सेल होता. सत्तावीस वर्षं संसार केल्यामुळे खरं कारण कोणतं, ते मला लगेच कळलं.

दुकानात केंद्र सरकारचा एक फॉर्म भरावा लागतो, क्रमांक ४४७३. त्यात भल्या माणसाला घाम फुटेल असे प्रश्न असतात. तुमच्यावर खटला चालू आहे का? तुम्ही गांजा ओढता का? तुम्ही फरारी आहात का? या शेवटच्या प्रश्नापाशी श्रीकांत थबकला. "कॉलेजच्या लायब्ररीचं एक पुस्तक अजून आपल्याकडेच आहे गं," म्हणाला. मी म्हटलं, 'नाही'वर खूण कर आणि चल. उंची आणि वजनही विचारतात. वजनाच्या चौकटीत त्यानं १७२ पौंड लिहिलं. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, असं त्याच फॉर्मवर छापलेलं असतं. मी दुकानातल्या भुसा भरलेल्या हरणाच्या डोळ्यांत बघत उभी राहिले. दुकानदारानं माहिती एफबीआयकडे तपासणीला पाठवली आणि एक कप चहा प्यायला लागावा तेवढ्या वेळात होकार आला. आमच्या लहानपणी गॅसच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे.

वस्तू म्हणाल तर एवढीशी. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची चौकट, नळी दोन इंचांना जरा कमीच, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. पाव किलो शेंगदाणे आणि दीडशे ग्रॅम गूळ, संपलं. गोळ्या पाच. कंपनीचं नाव मी घेत नाही, कारण माझी तक्रार कंपनीबद्दल नाहीच.

माझी तक्रार अशी, की वस्तू घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी श्रीकांत तिच्याकडे मान तिरकी करून बघायला लागला. ही नजर मी ओळखते. लग्नानंतर त्याच्या स्कूटरकडे तो असंच बघायचा. त्या स्कूटरला त्यानं शेवटी इतके आरसे लावले होते, की पुढचा रस्ता सोडून बाकी सगळं दिसायचं.

मग जेवताना वंशावळी सुरू झाल्या. खिशातल्या रिव्हॉल्व्हरांचे आद्यपुरुष म्हणजे कोल्ट कंपनीतले जॉन हेन्री फिट्झजेराल्ड. कंपनीनं घडवलेलं चांगलं धडधाकट रिव्हॉल्व्हर घ्यायचं, नळी कापून दोन इंचांवर आणायची, घोड्याचं टोक छाटायचं, चापाभोवतीच्या कडीचा पुढचा अर्धा भाग उडवून टाकायचा, मूठ घासून गोल करायची, असा त्यांचा उद्योग. अशी दोन रिव्हॉल्व्हरं पँटच्या पुढच्या दोन खिशांत घालून ते हिंडत. १९२७ साली खुद्द कोल्टनं 'डिटेक्टिव्ह स्पेशल' हे आखूड नळीचं, सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. "म्हणजे कंपनीतला पगारी माणूसच कंपनीचा माल कापत बसला होता," श्रीकांत डोळे चमकवत म्हणाला. मी आमटी वाढली. नवऱ्याला गुरू सापडला की बायकोनं फार बोलू नये.

१९५० सालची गोष्ट मात्र मलाही आवडली. स्मिथ अँड वेसननं पाच गोळ्यांचं, आणखी सडपातळ रिव्हॉल्व्हर तयार केलं आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जला पोलीसप्रमुखांची परिषद भरली होती तिथे नेऊन मांडलं. याचं नाव तुम्हीच ठेवा म्हणाले. देशभरचे पोलीसप्रमुख बारशाला बसले आणि त्यांनी नाव ठेवलं 'चीफ्स स्पेशल'. बारशाला आलेल्या पाहुण्यांनी बाळाला स्वतःचंच नाव ठेवून जावं, तसं. पुढे १९५२ साली कंपनीला शंभर वर्षं झाली म्हणून 'सेंटेनियल' आलं. त्यात घोडा आतच झाकलेला, त्यामुळे खिशातून काढताना अस्तरात अडकत नाही. आमच्याकडचं त्याच पद्धतीचं आहे. ही कल्पना खरं तर १८८७ सालची. तेव्हाच्या झाकल्या घोड्याच्या रिव्हॉल्व्हरला मुठीच्या मागे एक पट्टी असे. मूठ आवळून ती पट्टी दाबल्याखेरीज चाप हलत नसे. लोकांनी त्याचं नाव पाडलं होतं 'लिंबू पिळणी'. हे ऐकल्यापासून मला त्या वस्तूचं भय वाटेनासं झालं. ते आपलं स्वयंपाकघरातलंच काहीतरी आहे, फक्त चुकीच्या खणात ठेवलंय, असं वाटतं.

तर आमच्या या लिंबू पिळणीच्या नातीला बाहेर घोडा नाही आणि बंद-चालू करायचा खटकाही नाही. सुरक्षिततेची सगळी भिस्त चापावर. चाप लांबलचक ओढावा लागतो आणि तो जड असतो, बारा पौंडांच्या घरात, म्हणजे साधारण साडेपाच किलो. चारशे ग्रॅमची वस्तू चालवायला साडेपाच किलोचं बोट लागतं. चुकून ओढला जाऊ नये म्हणून तो जड ठेवलेला. मुद्दाम ओढतानाही तेवढाच जड लागतो, याला इलाज नाही.

श्रीकांतला मात्र इलाज सापडला. हलक्या स्प्रिंगांचा संच मिळतो. तो बसवायला रिव्हॉल्व्हरच्या कुशीतलं झाकण काढावं लागतं. स्क्रू काढले तरी ते उचकटायचं नसतं. चौकटीवर लाकडी दांड्यानं हलके ठोके मारत राहायचं, की ते आपण होऊन वर येतं. हे इतक्यांदा कानांवर पडलंय, की लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण मी आता असंच ठोकून काढते. आत चापाला परत पुढे ढकलणारी एक बारीक स्प्रिंग दबा धरून बसलेली असते. ती बाहेर काढताना उडते, हे जगजाहीर आहे. म्हणून जाणते लोक हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करतात. "मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे," असं म्हणून श्रीकांतनं ते पिशवीशिवाय केलं. 'टिंग' असा आवाज झाला आणि नंतर घरात बराच वेळ शांतता होती.

पुढचे तीन दिवस आम्ही रांगत होतो. सोफ्याखाली मुलाचा दुधाचा दात सापडला, फ्रीजखाली माझं हरवलेलं मोत्याचं कानातलं सापडलं, त्यामुळे माझी काही तक्रार नाही. स्प्रिंग चौथ्या दिवशी व्हॅक्यूमच्या पिशवीतून निघाली. त्यानंतरच्या खेपेला मी स्वयंपाकघरात आले तर श्रीकांत इडलीच्या पिठाच्या मोठ्या पिशवीत दोन्ही हात मनगटांपर्यंत घालून, जीभ दातांत धरून बसलेला. गाय अडली की गुरांच्या डॉक्टरची जी मुद्रा होते, अगदी तीच.

चाप हलका झाला. मग रोज संध्याकाळी सराव. गोळ्यांचा डबा त्या वेळी माझ्या ताब्यात, स्वयंपाकघरात, डाळींच्या मागे. त्यानं रिव्हॉल्व्हर उघडून तीनदा बघायचं, मला एकदा दाखवायचं, मग आत खोटी प्लास्टिकची काडतुसं घालून पलीकडे विटांचीच भिंत असलेल्या एका कोपऱ्याकडे तोंड करायचं. नळीवर नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. ही जुनी तालीम आहे म्हणे. इथली नाणी त्याला चालेनात, म्हणून भारतातून आणलेलं पंचवीस पैशांचं जुनं नाणं त्यानं शोधून काढलं. टक. खळ्ळ. "छे!" टक. खळ्ळ. "छे!" या तालावर मी एक अख्खी मराठी मालिका पाहिलेली आहे, आणि तिच्यात सासू कटकारस्थान करायची तेव्हा ते पार्श्वसंगीत फार शोभायचं.

परवाना लागत नसला तरी त्यानं परवान्याचा रीतसर क्लास लावला. क्लास लावल्याशिवाय आपल्या माणसाला काही आल्यासारखं वाटतच नाही. त्यात पन्नास गोळ्यांची परीक्षा असते, सगळ्यात लांबचं निशाण पंधरा यार्डांवर. मी सोबत गेले होते. इतकं हलकं रिव्हॉल्व्हर गोळी सुटताना हाताला असा हिसका देतं, की तळहातावर मास्तरांनी फूटपट्टी मारल्यासारखं होतं. श्रीकांतनं वीस गोळ्यांनंतर हात झटकला आणि म्हणाला, "आज वारा फार आहे." ती जागा बंदिस्त होती, वर एसी चालू होता. शेजारच्या खणातल्या, आजीच्या वयाच्या एक बाई तसल्याच छोट्या रिव्हॉल्व्हरनं पाचही गोळ्या एका बशीएवढ्या जागेत घालून शांतपणे केस सारखे करत होत्या. त्यांच्या रिव्हॉल्व्हरला काहीही केलेलं नव्हतं, अगदी डब्यातून काढलं तसं होतं. ही गोष्ट मी घरी परतताना दोनदा बोलून दाखवली.

त्यात हलक्या स्प्रिंगेनं दगा दिला. पाचातल्या दोन गोळ्या उडेचनात. काडतुसाच्या बुडाशी जी टोपी असते तिच्यावर पुरेसा जोरात ठोका बसायला हवा. इथे नुसता नखानं टोचल्यासारखा खळगा पडलेला. बोट सुखावलं आणि गोळी रुसली. त्यानं दुसऱ्या दुकानचा मधल्या ताकदीचा संच मागवला, मग तिसरा, आणि शेवटी कंपनीचीच मूळ स्प्रिंग परत बसवली. मी म्हटलं, "म्हणजे आता पहिल्यासारखं झालं?" तर म्हणाला, "नाही, आता ते तपासून पहिल्यासारखं झालं." आमच्याकडे स्वयंपाकाच्या ओट्याची उंचीसुद्धा अशीच ठरलेली आहे.

खरा खेळ मात्र मुठीचा. मूळ मूठ रबराची, आखूड. तिच्यावर दोन बोटं मावतात, करंगळी बसच्या दांडीला लोंबकळणाऱ्या प्रवाशासारखी बाहेर. म्हणून मोठी मूठ घेतली. हातात काय सुरेख बसली, हिसकाही कमी झाला. पण खिशात काही जाईना. जबरदस्तीनं घातली तर खिशात नारळ ठेवल्यासारखं दिसे. मग गुळगुळीत अक्रोडाच्या लाकडाची आणली. ती खिशातून अलगद निघते, पण गोळी उडवताना तितक्याच अलगद हातातून निसटू बघते. रबराची निसटत नाही, पण खिशाच्या अस्तराला चिकटते आणि बाहेर येताना खिसाच उलटा घेऊन येते. एकदा नळीऐवजी चौकोनी रुमाल आणि पेट्रोलची पावती बाहेर आली. खिशात मावते ती हातात मावत नाही, हातात मावते ती खिशात मावत नाही. या एका वाक्यात या सगळ्या छंदाचं पुराण आहे आणि त्यावर एक अख्खी बाजारपेठ पोसली जातेय. जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या बारीक मुठीपुढे, चापाच्या कडीमागे एक पोकळी राहायची. मधल्या बोटाचं पेर तिथे ठेचायचं. तर ती पोकळी भरायला धातूचा एक ठोकळा निघाला, ओक्लाहोमाच्या टायलर यांचा. श्रीकांतनं तोही घेतला. तो आमच्या रिव्हॉल्व्हरला बसत नाही. "पुढेमागे जुनं रिव्हॉल्व्हर घेतलं तर असावा," म्हणाला. आधी बटण घेऊन मग शर्ट शिवणारा माणूस मी तेव्हा प्रथम पाहिला. काही रिव्हॉल्व्हरांना किल्लीनं कुलूपबंद करायचं बारीक भोक असतं, आणि ते भोक सौंदर्याला बाधा आणतं म्हणून ते बुजवायची बुचं विकतात. आमच्याला भोक नाही. नाहीतर तेही आलं असतं.

सहावी मूठ लेझरची. पकडली की समोर लाल ठिपका पडतो. त्यानं पहिल्यांदा पकडली आणि भिंतीवर लेझीम सुरू झालं. ठिपका दिनदर्शिकेवरून घड्याळावर, घड्याळावरून पडद्यावर, दोन पावलं पुढे, एक मागे. आपला हात इतका हलतो हे माणसाला पन्नाशीनंतर एवढं स्पष्ट कुणी दाखवू नये. ती मूठ दुसऱ्या दिवशी खोक्यात गेली. कारण सांगितलं बॅटरीचं.

होल्स्टरांचं काय सांगू? एक घामानं सडलं, ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात दुसरं काय होणार. १९६५ साली स्टेनलेस स्टीलचं पहिलं रिव्हॉल्व्हर निघालं ते उगाच नाही. अंगाला चिकटलेल्या लोखंडावर घामाचा जो अंमल चालतो तो शत्रूचाही चालत नाही. एक घोट्याला बांधायचं होतं, ते बांधून श्रीकांत तीन दिवस पाय मुरगळल्यासारखा चालला आणि शेजारच्या काकूंनी मला तीळतेल आणून दिलं. पण शिरोमणी कोल्हापूरचं. गेल्या वर्षी आम्ही भारतात गेलो, तेव्हा यानं पुठ्ठ्यावर रिव्हॉल्व्हरची बाह्यरेषा काढून नेली होती. वहाणा शिवणाऱ्या एका काकांपुढे ती ठेवली.

काकांनी पुठ्ठा उलटसुलट करून बघितला. "साहेब, ह्ये कशाचं कव्हर म्हनायचं?"

"ड्रिल मशीनचं," श्रीकांत म्हणाला.

"लई बारकं ड्रिल हाय."

"हो."

"भोक बी बारकंच पाडत असंल," असं म्हणून काकांनी त्याच्याकडे जे बघितलं, त्यानंतर भावात घासाघीस झाली नाही.

काय काम केलं होतं! तांबूस चामडं, काठाला दुहेरी शिवण, वर बारीक वेणी. फक्त एक झालं. कोल्हापुरी चामडं ते, चालताना बोलणारच. गुपचूप बाळगायच्या शस्त्राला असं होल्स्टर लाभलं की पाऊल टाकलं, कर्र; वळलं, कर्र. किराणा दुकानात लोक त्याच्या बुटांकडे बघायचे. "तेल लाव," मी म्हटलं. तेल लावल्यावर आवाज जरा खर्जात गेला, एवढंच.

शिवाय बाळगायचं तरी कुठे? इथल्या कायद्यात ३०.०६ नावाचं कलम आहे. त्या कलमाची पाटी, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, निदान एक इंच उंचीच्या अक्षरांत दारावर लावली, की परवानावाल्यालाही लपवलेलं हत्यार घेऊन आत जाता येत नाही. याच आकड्याची एक नामांकित रायफलची गोळीही आहे, हा योगायोग श्रीकांत प्रत्येक पाटीपुढे मला नव्यानं सांगतो. मग गाडीकडे परत, गाडीतल्या पेटीत कुलूप, पुन्हा दाराकडे. भाजीला म्हणून निघालेलो आम्ही भाजी शिळी झाल्यावर पोचतो. अलीकडे तो ते घरच्या तिजोरीतच ठेवतो. खिसा मोकळा असला की करंगळीसुद्धा सुखी दिसते.

साताऱ्याहून सासूबाईंनी एकदा विचारलं, "किती गोळ्यांचं आहे रे?" पाच, म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या आजोबांच्या दुनळीत दोनच असायच्या. आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. गावात भांडणं व्हायची नेमकी तेव्हाच." माझी नणंद मध्येच म्हणाली, की २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानं बायकांसाठी 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं होतं, अर्धा किलोचं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि ते दागिन्यांच्या गडद लाल पेटीत घालून द्यायचे. सासूबाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे चोर आधी तेच नेणार."

एवढ्या सगळ्या उपद्व्यापातून आज काय उरलंय? मूळ स्प्रिंग, मूळ मूठ. टिकलेला बदल एकच आहे आणि तो माझा आहे. या रिव्हॉल्व्हरची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा, करडी असते, आणि करड्या निशाणावर चाळिशी लागलेल्या माणसाला ती दिसत नाही. महागाच्या चमकत्या माशा मिळतात, पण त्याच्या नळीला ती घडवतानाच जोडलेली, बदलता न येणारी. तो रंगांचे कॅटलॉग चाळत बसलेला बघून मी कपाटातून नेलपॉलिश आणलं. आधी पांढऱ्याचा हात, तो वाळल्यावर वर शेंदरी रंगाचे दोन. हे काम नाजूक हातांचंच. नंतर समजलं, की नेलपॉलिशची ही युक्ती इकडे कित्येक वर्षं चालत आलीय. श्रीकांत ते मला मोठ्या तज्ज्ञासारखं समजावत होता आणि मी फुंकर घालत होते. साफसफाईच्या द्रावणानं तो रंग हळूहळू उतरतो, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी मला दोन हात द्यावे लागतात. आता ती शेंदरी बाटली फ्रीजच्या दारात असते. माझ्या नखांना ती मिळत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रपूजन असतं. पाटावर लाल कापड, विळी, सुरी, त्याचे स्क्रू-ड्रायव्हर, माझी कात्री, मुलाचा लॅपटॉप, आणि मधोमध रिकामं करून, उघडून ठेवलेलं रिव्हॉल्व्हर. झेंडूची फुलं वाहून झाली. हळदकुंकवाची वेळ आली तसा श्रीकांत आडवा आला. "त्याला नको गं, कण आत गेला तर झाकण काढावं लागेल." इडलीच्या पिशवीची आठवण येऊन मीही हात आवरला.

व्हिडिओ कॉलवर सासूबाई चष्मा सावरून पाटाकडे निरखून बघत होत्या. "काय रे, सगळ्याला कुंकू लावलंत ना?"

श्रीकांतनं माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात त्यांना नळीचं टोक दिसलं.

"हां," त्या समाधानानं म्हणाल्या. "शेंदूर लावलाय. सूनबाईंनी लावला असणार. नेमक्या जागी आहे."